कालगणना, संगणकीय
कालगणना, संगणकीय : दिनांक व वेळ अंकरूपाने साठविण्याची व त्यांवर गणिती क्रिया करण्याची संगणकातील पद्धती. महिन्यांचे दिवस असमान असल्याने व लीप वर्षांमुळे दिनांकांची थेट वजाबाकी किचकट ठरते. म्हणून युनिक्स प्रणालीत १ जानेवारी १९७० च्या प्रारंभापासून (ग्रिनिच येथील मध्यरात्रीपासून) लोटलेले सेकंद मोजतात. प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचा धरतात. ही संख्या सर्वत्र एकच असते. स्थानिक वेळ दाखविताना तीत आवश्यक तो फरक मिळवितात. उदा., भारतीय प्रमाण वेळेसाठी १९,८०० सेकंद.

पूर्वी ही संख्या सामान्यतः ३२ बिटांत साठवीत. त्यांपैकी एक बिट धन-ऋण चिन्हासाठी असल्याने २,१४,७४,८३,६४७ ही तिची कमाल मर्यादा होय. १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी (भारतीय प्रमाण वेळ) ती गाठली जाईल. पुढच्याच सेकंदास संख्या ऋण होऊन दिनांक डिसेंबर १९०१ मधील दिसेल. ६४ बिटांची संख्या हा यावरील उपाय असून आधुनिक प्रणालींनी तो स्वीकारला आहे. तथापि जुन्या यंत्रांतील नियंत्रक व जुन्या आराखड्यांतील नोंदी यांत हा दोष राहू शकतो. दीर्घ मुदतीच्या कर्जाच्या हप्त्यांसारख्या भावी दिनांकांच्या गणितात तर तो २०३८ पूर्वीच प्रकट होतो.