मुठीतला मेंदू

अंगठा तळव्यात दुमडा, त्यावर चार बोटं मिटा. झाला मेंदू तयार! तळवा म्हणजे मेंदूचा देठ, अंगठा म्हणजे भावना, वरची बोटं म्हणजे विवेक. ‘राग आला की काय होतं?’ असं विचारून ट्रेनर चारही बोटं फाडकन उघडतात आणि हॉलमधले तीस-चाळीस मॅनेजर माना डोलावतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ डॅनियल सीगल यांनी रूढ केलेली ही खूण. हिंजवडीजवळच्या एका हॉटेलात, लीडरशिपच्या वर्कशॉपमध्ये मीही दोन दिवस मूठ उघडत-मिटत बसले होते. जेवण उत्तम होतं. मेंदूबद्दल जे ऐकलं, ते मात्र घरी येऊन तपासलं तेव्हा बरंचसं गळून पडलं.

पहिला गैरसमज या मुठीतच आहे: आत सरडा, त्यावर सस्तन प्राणी आणि सर्वांत वर शहाणा माणूस. पॉल मॅक्लीन यांनी १९६०च्या दशकात मांडलेली ही तीन थरांची कल्पना कार्ल सेगन यांच्या १९७७च्या पुस्तकामुळे घरोघर पोचली. प्राण्यांच्या मेंदूंचा तुलनात्मक अभ्यास करणाऱ्यांनी ती कधीच मोडीत काढली आहे. जुन्या घरावर मजला चढवावा, तसा मेंदू वाढलेला नाही. मासा, सरडा, कबुतर, माणूस या सगळ्यांच्या मेंदूचे मूळ भाग तेच. कुठे कोणता भाग किती वाढला आणि कसा बदलला, एवढाच फरक. तेव्हा चिडणाऱ्या बॉसच्या डोक्यात सरडा बसलेला नसतो.

‘अमिग्डला हायजॅक’चं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. कारण त्यात थोडं तथ्यही आहे. अमिग्डला म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना असलेली बदामाएवढी गाठ. रागाच्या किंवा भीतीच्या भरात ही गाठ विवेकाचा ताबा घेते, अशा अर्थाने डॅनियल गोलमन यांनी १९९५मध्ये हा शब्दप्रयोग लोकप्रिय केला आणि अमिग्डला हे जणू ‘भीतीचं केंद्र’ ठरलं. ज्यांच्या प्रयोगांवर ही सगळी चर्चा उभी राहिली, ते जोसेफ लडू मात्र पुढे वारंवार सांगत राहिले, की धोक्याची चाहूल घेऊन शरीराला सज्ज करणं वेगळं आणि भीती वाटणं वेगळं. एस. एम. या आद्याक्षरांनी शास्त्रज्ञांना परिचित असलेल्या एका महिलेचा अमिग्डला दोन्ही बाजूंनी निकामी झालेला आहे. सापांना ती बिनधास्त हात लावते. पण २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला आणि तशाच आणखी दोघींना कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा तिघीही घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. भीतीच्या केंद्राविना भीती!

याचा लीडरशिपशी संबंध काय? आमच्या वर्कशॉपनंतर महिनाभरात एका रिव्ह्यू मीटिंगमध्ये एक साहेब टीम लीडवर सगळ्यांदेखत ओरडले आणि संध्याकाळी म्हणाले, ‘सॉरी, माझा अमिग्डला हायजॅक झाला होता.’ माफीही झाली आणि जबाबदारीही टळली. अर्धवट विज्ञानाचा हा सर्वांत वाईट उपयोग.

टिकणारं तथ्य वेगळं आहे. एमी आर्नस्टेन यांच्या संशोधनानुसार ताण वाढला की कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं काम ढासळतं: डोक्यात चार गोष्टी धरून ठेवणं, जिभेला आवर घालणं, पर्याय तोलणं. यातला महत्त्वाचा शब्द मात्र ट्रेनर हमखास गाळतात. खरा घात करतो तो आपल्या हाताबाहेरचा ताण. काम तेवढंच असलं, पण ते कधी आणि कसं करायचं यात माणसाला थोडा वाव असला, तर तोच ताण तितका मारक ठरत नाही. म्हणजे साहेबांनी श्वासाचे व्यायाम करावेतच, पण शुक्रवारी सहाला मेल टाकून सोमवारी सकाळी नऊला उत्तर मागणं थांबवलं, तर टीमचं डोकं अधिक चालेल. भावनेला शब्द दिला की अमिग्डलाची खळबळ काहीशी ओसरते, असं लॉस एंजेलिसमधल्या २००७च्या प्रयोगात दिसलं. ओरडण्याआधी स्वतःशी ‘मला राग येतोय’ म्हणून पाहायला काहीच हरकत नाही.

‘२१ दिवसांत नवी सवय’ ही या दुकानातली सर्वांत खपाऊ वस्तू. तिचं मूळ मेंदूविज्ञानात नाहीच. मॅक्सवेल मॉल्ट्झ हे प्लास्टिक सर्जन. पेशंटना नवा चेहरा आपला वाटायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६०च्या पुस्तकात लिहिलं. ‘निदान’ गळालं, चेहरा गळाला, २१ तेवढे उरले. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी प्रत्यक्ष मोजल्या. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. पाणी पिण्याची सवय लवकर लागली, व्यायामाची रखडली. आणि दिलाशाची गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकल्यानं बिघडत नव्हतं.

‘मेंदू लवचीक असतो’ हे वाक्य खरं आहे, पण अर्धंच सांगितलं जातं. २००४मध्ये जर्मनीत काही जणांना तीन चेंडू हवेत झेलायला शिकवलं. तीन महिन्यांच्या सरावानंतर स्कॅनमध्ये मेंदूचा काही भाग वाढलेला दिसला. मग सराव थांबवला. आणखी तीन महिन्यांनी ती वाढ बरीचशी ओसरली होती.

बाकीचे गैरसमज झटपट उरकते. डाव्या मेंदूचा हिशेबी माणूस आणि उजव्या मेंदूचा कल्पक माणूस असे दोन प्रकार नसतात. २०१३मध्ये हजारावर लोकांची स्कॅन तपासून ते सापडले नाहीत. आपण मेंदूचा दहाच टक्के वापर करतो, हेही खोटं. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो, तो नव्वद टक्के रिकामा कसा बसेल? आणि डोपामिन म्हणजे ‘आनंदाचं रसायन’ नव्हे. वोल्फराम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत बक्षीस अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की ते उसळायचं, ठरलेलं मिळालं की नाही. ठरल्या दिवशी मिळणारी ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ची ट्रॉफी फिकी का वाटते, याचा अंदाज त्यावरून करता येईल.

मग शिकलेली माणसं यावर विश्वास का ठेवतात? २००८मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना काही चुकीची स्पष्टीकरणं वाचायला दिली. त्यांत मेंदूविषयी एखादं असंबद्ध वाक्य घुसडलं, की तीच स्पष्टीकरणं सामान्य वाचकांना जास्त पटू लागली. तज्ज्ञ फसले नाहीत. स्कॅनमधल्या रंगीत ठिपक्यांचंही तसंच. २००९मध्ये काही संशोधकांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले. आकडेमोडीत आवश्यक ती दुरुस्ती केली नाही, तर त्याच्याही मेंदूत हालचाल ‘दिसत’ होती.

आमच्या वर्कशॉपमध्ये फीडबॅकचा फॉर्म दुसऱ्या दिवशी चारच्या चहाआधीच भरून घेतला होता. मी पाचपैकी पाच दिले. आज ट्रेनरना दोन प्रश्न विचारले असते, तुम्ही जरूर विचारा. या वाक्यातून ‘मेंदू’ हा शब्द काढला, तर सल्ला म्हणून काय उरतं? आणि सराव टिकला का ते पाहायला तीन महिन्यांनी तुम्ही परत येणार आहात का?