कूलर, टीव्ही आणि बाबांचे कान

यवतमाळ जिल्ह्यात एप्रिल उजाडला की घरोघरी कूलर घरघरू लागतो आणि त्याच्यामागोमाग टीव्हीचा आवाज चढतो. मार्चमध्ये पंधरावर ऐकू येणाऱ्या बातम्या मे महिन्यात तीसवरही अपुऱ्या वाटतात. पावसाळ्यात कूलर थांबतो; वाढलेला आकडा मात्र बहुधा तसाच राहतो. मग सूनबाई तक्रार घेऊन येतात, “डॉक्टरसाहेब, बाबांचा टीव्ही चौकापर्यंत ऐकू येते.” शेजारी बसलेले बाबा म्हणतात, “आवाज त येते, पण काय बोलते ते समजत नाही.”

बाबांचे हे वाक्य आपण नीट ऐकावे. अर्धे निदान त्यातच आहे. वयोमानाने आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी झिजतात आणि उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी प्रथम जातात. स, थ, फ ही व्यंजने त्याच पट्टीवर ओळखू येतात. स्वर खालच्या पट्टीत असतात. त्यामुळे ‘साठ’, ‘पाठ’ आणि ‘काठ’ एकसारखे भासतात. आवाज वाढवला की स्वर गडगडतात, व्यंजने हरवलेलीच राहतात. नष्ट झालेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. उरलेल्या जपणे आपल्या हाती आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ही मर्यादा सांगितली आहे. आवाज 3 डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. 86 डेसिबलला केवळ 10 तास उरतात. निवृत्त माणसाचा टीव्ही रोज सहा तास सहज चालतो, हे ध्यानात घ्या. मांडीवर नातू असेल तर मर्यादा 75 डेसिबलची. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज निश्चितच जास्त आहे.

आमच्याकडच्या उन्हात कूलर बंद करा, असे मी कसे सांगू? परंतु बाबांची खुर्ची कूलरपासून दूर आणि टीव्हीजवळ सरकवता येते. बातम्यांपुरता पंख्याचा वेग कमी करता येतो. चपट्या टीव्हीचे स्पीकर बहुधा मागे वा खाली तोंड करून असतात, म्हणून लहानसा स्पीकर खुर्चीशेजारी ठेवल्यास कमी आवाजातही शब्द स्पष्ट होतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘बेस’ कमी आणि ‘ट्रेबल’ किंचित जास्त ठेवावा. घर शांत राहावे म्हणून मुले हेडफोन आणून देतात. त्यात किती आवाज चालू आहे हे कुणालाच कळत नाही, म्हणून तो 60 टक्क्यांखाली ठेवावा.

एवढे करूनही शब्द निसटत असतील, तर प्रथम कानातला मळ तपासून घ्या, मग ऑडिओमेट्री करा. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. आणि एक कान अचानक बंद झाला, तर मात्र ‘वयच झालं’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, कारण तिथे उपचारासाठी हाती थोडेच दिवस असतात.