इंदूरची मध्यपेठ : राजवाडा आणि सराफा

1818 च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली, आणि पुढे सात मजली राजवाड्याच्या आश्रयाने येथील पेठा भरभराटीस आल्या. सराफ्यात सोनेचांदी, बर्तन बाजारात भांडी, बजाजखान्यात कापड, अशी एकेका धंद्याची एकेक गल्ली झाली. जवळच इतवारियात सर सेठ हुकुमचंद यांनी उभारलेले काचमंदिर आहे. व्यापारात मिळविलेले धन धर्मकार्यी कसे लागते, याची ती उज्ज्वल साक्ष होय.

होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून आलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1918 साली आपला अहवाल सादर केला. जुन्या गल्ल्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढणे त्यांस मान्य नव्हते. अडचणीचे तेवढेच हटवावे, बाकीचे नीट राखावे, असे त्यांचे सूत्र होते. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजिली, आणि ज्या मार्गावरील लोक घरेदारे अधिक स्वच्छ करतील त्याच मार्गाने ती नेण्याचे जाहीर केले. हुकुमाने जे साधले नसते ते चढाओढीने साधले! 2017 पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळविणाऱ्या शहराचा हा पूर्वेतिहास स्मरणीय आहे.

सराफ्याचे वैशिष्ट्य असे की, रात्री पेढ्या बंद झाल्या म्हणजे त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलेबी यांची दुकाने मांडली जातात. रात्रिभोजनाचा त्याग केलेल्या श्रावकाच्या पेढीपुढेही रात्री खवय्यांची गर्दी लोटते. एकाच जागेवर दोन धंदे परस्परांच्या समजुतीवर नांदत आले, हेच या पेठेचे खरे भांडवल.

परंतु आज हे भांडवल कसोटीस लागले आहे. चिंचोळ्या गल्ल्यांत वाहने मावत नाहीत, आणि गॅसच्या शेगड्यांमुळे सराफांस आगीचे भय वाटते. ते भय अनाठायी नव्हे. 1984 साली राजवाड्याचा लाकडी भाग आगीत भस्मसात झाला, हे इंदूर विसरलेले नाही. यावर सारी खाद्यपेठच उठवावी असे काही म्हणतात, तर कशासही हात लावू नये असे काही. गेडिस यांचे सूत्र येथेही मार्गदर्शक ठरेल. शेगड्यांची संख्या व जागा ठरवून द्यावी, बंबास वाट मोकळी ठेवावी, वाहने पेठेबाहेर थांबवावी, आणि ही शिस्त सराफ व खाद्यविक्रेते यांनी एकत्र बसून स्वतःवर घालून घ्यावी. पेठ राजाश्रयाने वसते खरी. पण टिकते ती शेजारधर्मानेच.