रांग मोडावी लागते तेव्हा
मिरजेत एका दवाखान्यात मी केसपेपर काढते. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं. आजही गावात कर्नाटकातले पेशंट खूप, म्हणून मी कामापुरतं कन्नड शिकले.

फोन घेणं, फी घेणं, फाइल शोधणं कुणालाही जमेल. खरं काम समोरच्या माणसाकडे नीट बघण्याचं. परवा एक आजोबा म्हणाले, "घाई नाही पोरी, बसतो मी." पण कपाळावर घाम, हात छातीशी. मी त्यांना थेट आत नेलं, लगेच ईसीजी काढला. बाहेर कुरकुर झालीच. त्यांना काय होतंय ते मात्र मी रांगेला सांगितलं नाही. पेशंटचा आजार चारचौघांत बोलायचा नसतो. "यांना आधी बघावं लागेल," एवढंच म्हटलं.

छातीत दुखणं, धाप लागणं, अचानक तोंड वाकडं होणं, तान्ह्या बाळाचा ताप, यांना रांग नसते आणि नसावीच. असं काही असेल तर संकोच करू नका, आल्याआल्या काउंटरवर सांगा. आणि जुनी फाइल, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. "ती पांढरी गोळी" एवढ्यावरून डॉक्टरांना औषध ओळखता येत नाही.