विश्लेषण : स्कूबा डायव्हिंग करून वर आल्यावर मास्क कपाळावर का सरकवू नये?

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा करून वर आलेल्या पर्यटकांचे फोटो बहुतेक एकाच साच्यातले असतात. चेहऱ्यावर हसू, अंगठा वर आणि मास्क कपाळावर. अंगठा वर करणे ही पाण्याखालच्या खुणांच्या भाषेत ‘वर चला’ अशी सूचना असते, ‘छान’ अशी नाही. ती चूक फोटोपुरती सोडून देता येईल. मास्कचे तसे नाही. मास्क कपाळावर असणे म्हणजे डायव्हर संकटात असल्याची खूण, असे जगभरातील डायव्हर अनेक वर्षे एकमेकांना सांगत आले आहेत. हे कितपत खरे आहे?

समज कुठून आला?

घाबरलेला डायव्हर पाण्यावर येताच अंगावरची साधने दूर लोटू लागतो. तोंडातला रेग्युलेटर थुंकून टाकतो, मास्क ओढून वर सरकवतो, डोके शक्य तितके पाण्याबाहेर काढायला बघतो. टाकीत हवा शिल्लक असली तरी त्याला तोंडावर काहीच नको असते. बचावाच्या प्रशिक्षणात डायव्हर घाबरल्याची जी लक्षणे शिकवतात, त्यांत साधने झिडकारणे हे ठळक लक्षण आहे. बोटीवरून लक्ष ठेवणाऱ्याला लांबून यातली पटकन दिसणारी गोष्ट म्हणजे कपाळावर गेलेला मास्क. त्यातूनच ‘कपाळावर मास्क म्हणजे मदत हवी’ हे समीकरण रूढ झाले.

मग ती अधिकृत खूण आहे का?

नाही. मदत मागण्याची ठरलेली खूण म्हणजे एक हात सरळ वर करून डोक्यावरून इकडून तिकडे जोरात हलवणे. सोबत शिट्टी. संकटात सापडलेला डायव्हर ‘आता मास्क कपाळावर घेऊन खूण करावी’ असा विचार करत नाही. मास्क तिथे जातो तो घबराटीत. त्यामुळे कपाळावर मास्क घेऊन निवांत गप्पा मारणाऱ्याकडे कोणी जीवरक्षक सूर मारत जाणार नाही. तो आधी डोळे, श्वास आणि हातांची हालचाल बघेल.

या समीकरणाचा खरा तोटा उलट बाजूने होतो. मास्क जागेवर आहे म्हणजे माणूस ठीक आहे, असे गृहीत धरले जाते. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांच्या हालचालींचे चित्रीकरण करून दाखवून दिले, की प्रत्यक्ष बुडणारा माणूस हात हलवत नाही आणि ओरडतही नाही. त्याचे हात आपोआप बाजूला पसरतात आणि पाणी खाली दाबत राहतात. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते. हे सारे 20 ते 60 सेकंदांत संपते. मास्क कुठे आहे, यावरून हे ओळखता येत नाही.

तरीही कपाळावर नकोच, ते का?

सर्वांत मोठे कारण नाक आहे. पोहण्याच्या गॉगलमध्ये नाक उघडे असते, स्कूबाच्या मास्कमध्ये ते झाकलेले असते. पाण्याखाली 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तो मास्कमध्ये समतोल राखण्यासाठी नाकातून थोडी हवा सोडावी लागते, म्हणून ही रचना. पण हीच रचना पृष्ठभागावरही उपयोगी पडते. लाट तोंडावर आदळली तरी नाकात पाणी जात नाही. मास्क वर सरकवला की नाक उघडे पडते. नाकात अचानक खारे पाणी गेले की ठसका लागतो, श्वास अडतो, आणि नवख्या माणसाची घबराट अनेकदा तिथूनच सुरू होते. म्हणजे मास्क कपाळावर जाणे हे घबराटीचे लक्षण आहेच, कधी कधी ते तिचे कारणही ठरते.

दुसरे कारण खिशाचे. मागून आलेली एक लाट कपाळावरचा मास्क सहज उडवते. काच आणि सिलिकॉनचा मास्क तरंगत नाही, तळाशी जातो. नंबरचा चष्मा असलेल्यांच्या मास्कला नंबरची काच बसवलेली असते. ती गेली तर शंभर पावलांवरची आपली बोट कोणती, हेही नीट दिसत नाही. शिवाय कपाळाच्या उष्णतेने काच आतून धूसर होते आणि तिला सनस्क्रीनचा तेलकट थर लागतो, तो वेगळाच.

मग मास्क ठेवावा कुठे?

चेहऱ्यावरच. तोंडात रेग्युलेटर किंवा स्नॉर्कल, आणि मास्क आहे तिथे. पाण्यावर आल्यावर पहिले काम मास्क काढणे नसून जॅकेटमध्ये हवा भरून तरंगणे हे आहे. समुद्र शांत असेल, बोट यायला वेळ असेल आणि मास्क नकोसा झाला असेल तर एका हाताने फ्रेम धरून तो खाली गळ्यात घ्यावा. तिथे तो नजरेसमोर राहतो, लाटेने निघत नाही आणि गरज पडताच वर चढवता येतो. हवा भरलेल्या जॅकेटमुळे गळ्याशी थोडी दाटी होते, एवढेच.

काही जण मास्क उलटा फिरवून काच डोक्यामागे ठेवतात. गळा मोकळा राहतो, हा त्यांचा युक्तिवाद. कपाळापेक्षा हे बरे, पण मागच्या मागे मास्क निसटला तर कळतही नाही. गळ्याचा पर्याय त्यामुळे अधिक भरवशाचा.

बोटीला खूण कशी करायची?

सगळे ठीक असेल तर दोन्ही हात डोक्यावर जोडून मोठा गोल करायचा किंवा एका हाताची बोटे डोक्याला टेकवायची. बोटीवरच्या घरच्यांना हात हलवून ‘टाटा’ करण्याचा मोह मात्र टाळावा. लांबून ती मदतीची हाक दिसते.

मालवण, गोव्याचे ग्रँड आयलंड किंवा कर्नाटकातील नेत्राणी येथे हौसेखातर पहिली डाइव्ह करणाऱ्याला प्रशिक्षकाने धरलेलेच असते. त्यामुळे हे सारे त्याच्यासाठी नाही, असे वाटू शकते. पण बोटीजवळचे शेवटचे काही मीटर त्यालाही पार करायचे असतात. लाटेवर शिडी वरखाली होत असते, पुढचा डायव्हर पाठीवरच्या टाकीसह घसरून अंगावर येऊ शकतो आणि हात निसटला तर पुन्हा पाण्यातच पडायचे असते. म्हणून आपली पाळी येईपर्यंत शिडीच्या बाजूला थांबावे आणि मास्क व रेग्युलेटर बोटीत पाय टेकल्यावरच काढावेत.