सुवासासाठी निशिगंध : कंदांची निवड

निशिगंध अर्थात गुलछडी हे मूळचे मेक्सिकोतील कंदवर्गीय पीक. हार, वेण्या, गजरे, फुलदाणी आणि सुगंधी अर्क यांसाठी या फुलांना मागणी असते. एकदा लावलेले पीक साधारणपणे तीन वर्षे शेतात राहते. त्यामुळे कंद निवडताना झालेली चूक तीन वर्षे भोगावी लागते.

प्रकार कसा निवडावा?
एकेरी प्रकारात पाकळ्यांचा एकच थर असतो. फुले पांढरीशुभ्र व अतिशय सुवासिक असतात. सुटी फुले वजनावर विकण्यासाठी व अर्कासाठी हाच प्रकार योग्य. दुहेरी प्रकारात पाकळ्यांचे थर तीनपेक्षा जास्त असतात, कळीवर गुलाबी छटा दिसते, मात्र सुवास कमी असतो. फुलदांड्यांसाठी हा प्रकार चांगला. आपल्या जवळच्या बाजारात सुटी फुले खपत असतील, तर केवळ फूल भरगच्च दिसते म्हणून दुहेरी कंद घेऊ नयेत.

बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या शृंगार आणि प्रज्वल या एकेरी जाती आहेत. प्रज्वलचे फूल शृंगारपेक्षा मोठे व वजनदार असून कळीवर किंचित गुलाबी झाक असते. शृंगार ही जात मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना बऱ्यापैकी सहनशील आहे. सुवासिनी ही दुहेरी, तर वैभव ही निमदुहेरी जात आहे.

कंद कसे पारखावेत?
नुसत्या कंदावरून एकेरी-दुहेरी ओळखणे कठीण असते. म्हणून पीक फुलावर असताना संध्याकाळी प्लॉट पाहावा. त्या वेळी वास चांगला दरवळतो व भेसळीची झाडेही दिसतात. ती खुणा करून वेगळी काढायला सांगावीत. एकदा फुललेला मूळ कंद पुन्हा फुलत नाही, त्यामुळे बाजूचे न फुललेले कंद घ्यावेत. कंद निमुळते, टणक आणि दोन ते तीन सें.मी. व्यासाचे असावेत. मऊ पडलेले, कुजलेले कंद टाकून द्यावेत. लहान कंदांना फुले उशिरा येतात. काढणीनंतर कंद सावलीत, हवेशीर जागी तीन-चार आठवडे ठेवावेत.

लागवड व तोडणी
भरपूर ऊन व पाण्याचा चांगला निचरा असलेली जमीन निवडावी. आधीच्या टोमॅटो किंवा वांग्याच्या मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी दिसल्या असतील, तर ते शेत टाळावे. एप्रिल-मे महिन्यात ३० × २० सें.मी. अंतरावर, पाच ते सात सें.मी. खोल लागवड करावी. एक आर क्षेत्रास सुमारे १,६०० कंद लागतात. तीन ते चार महिन्यांत फुले सुरू होतात.

सुटी फुले पहाटे, ऊन चढण्यापूर्वी तोडावीत. फुलदांडे खालची एक-दोन फुले उमलताच कापून लगेच पाण्यात ठेवावेत.

पहिल्या वर्षी थोड्या क्षेत्रावर खात्रीचे कंद लावून पुढील बेणे घरीच तयार केल्यास खर्च वाचतो आणि भेसळीची धास्तीही राहत नाही.