गाडीचा ताप कसा मोजतात?

मुलांनो, तुम्हाला ताप आला की आई थर्मामीटर लावते. गाडीच्या इंजिनाचा तापही सतत मोजावा लागतो, कारण ते फार तापले तर कायमचे निकामी होऊ शकते. कॉलेजात 'फॉर्म्युला एसएई' स्पर्धेसाठी गाडी बांधणारी मुले त्यासाठी डेटा लॉगर बसवतात. ही जणू गाडीची नोंदवही. ती कशी लिहिली जाते ते आज आपण पाहू.

इंजिनाच्या पाण्यात एक सेन्सर असतो. तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो. बॉशच्या एका सेन्सरचा रोध २० अंश सेल्सियसला सुमारे २५०० ओहम, तर १०० अंशाला सुमारे १८६ ओहम असतो.

पण लॉगरला ओहम कळत नाहीत, फक्त व्होल्ट कळतात. म्हणून सेन्सरला एक जोडीदार द्यायचा : ठरावीक रोधाचा रेझिस्टर. लॉगरच्या ५ व्होल्टच्या तारेला रेझिस्टर, त्याच्यापुढे सेन्सर आणि सेन्सरचे दुसरे टोक लॉगरच्या ग्राउंडला. दोघे ५ व्होल्ट आपापल्या रोधाच्या प्रमाणात वाटून घेतात. दोघांमधल्या सांध्याला लॉगरची सिग्नलची तार जोडायची.

जोडीदार कोणता निवडावा? १००० ओहमचा (पट्टे तपकिरी, काळा, लाल) घेतला, तर २० अंशाला ३.५७ व्होल्ट आणि १०० अंशाला ०.७८ व्होल्ट मिळतात. १,००,००० ओहमचा घेतला, तर ०.१२ आणि ०.०१! दहा बिटांचा लॉगर ५ व्होल्टच्या १०२४ पायऱ्या करतो. पहिल्या जोडीला त्यातल्या सुमारे ५७० मिळतात, दुसरीला जेमतेम २३.

पालकांसाठी दोन सूचना :

१) सेन्सरची ग्राउंडची तार गाडीच्या सांगाड्याला जोडू नये. सांगाड्यातून इतर उपकरणांचा मोठा प्रवाह वाहतो. तिथे नुसता ०.१ व्होल्टचा फरक पडला, तरी १०० अंशांच्या जागी सुमारे ९५ दिसतील. इंजिन तापलेले असेल आणि वही मात्र 'सर्व ठीक' म्हणेल.

२) गाडीच्या मूळ सेन्सरला ही जोडणी करू नये, गाडीच्या संगणकाचेच माप चुकेल. आपला सेन्सर वेगळा बसवावा.

घरी करून पाहा : १००० ओहमचे तीन रेझिस्टर एकापुढे एक जोडून दीड व्होल्टच्या सेलला लावा. त्यातल्या दोघांवर मिळून किती व्होल्ट येतील? आधी उत्तर वहीत लिहा, मग मीटरने मोजा.